शिक्का आपल्याच खिशात ठेवा

एका तरुण फिजिशियनचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: एमडी होऊन 2 वर्षं झाली, एका मोठ्या हॉस्पिटलला मिनिमम गॅरंटीवर (ठरावीक महिने किमान रक्कम नक्की मिळणार) लागलोय. दर महिन्याला रिव्ह्यू मीटिंगमध्ये ओपीडीतून ॲडमिशन किती झाल्या त्याचा कागद समोर ठेवतात, टीपीए डेस्कवरचा (मेडिक्लेमचे कागद बघणारा) मुलगा रोज "सर असं लिहा, नाहीतर क्लेम उडेल" म्हणतो, आणि पेशंटला वाटतं हे सगळं डॉक्टरच पैशासाठी करतोय. पुढच्या आठवड्यात परत मीटिंग आहे. यात पेशंटशी असलेलं नातं टिकवायचं कसं?

डॉक्टर, मी 27 वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय, सांगली-मिरज भागात. पहिली 14 वर्षं स्वतःचं 20 बेडचं चालवलं, मग ते झेपेना म्हणून बंद केलं आणि दुसऱ्याच्या हॉस्पिटलला कन्सल्टंट म्हणून जायला लागलो. म्हणजे मालक म्हणून बिलंही काढलीत आणि मीटिंगमध्ये मान खाली घालून बोलणीही खाल्लीत. त्यामुळे मी काय साधूसंत म्हणून हे लिहीत नाहीये हे आधीच सांगतो.

कंपन्या वाईट, मॅनेजमेंट वाईट, हे तुम्हाला सगळेच सांगतील, आणि त्यात खोटं काही नाही. पण माझ्या आणि पेशंटच्या नात्याचं सगळ्यात जास्त नुकसान कुणी केलं असेल तर ते मीच, आणि तेही पेशंटवर उपकार करायला जाऊन.

15-16 वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. साखर कारखान्यातले एक फिटर, पायाला सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) झालेला, शुगर 380. डायबेटिस चांगला 7 वर्षांचा, गोळ्या मीच देत होतो. मेडिक्लेम मात्र नवीन, दीडेक वर्षाचा, आणि फॉर्ममध्ये शुगरचा उल्लेख नाही. मुलगा केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टर, ते शुगरचं जरा बघून लिवा की." माझा जुना पेशंट, गरीब माणूस, कंपनीचे पैसे कंपनीकडे, आपलं काय जातंय, असा विचार करून मी लिहिलं की डायबेटिस याच ॲडमिशनला पहिल्यांदा सापडला. क्लेम पास झाला, पेढ्याचा बॉक्स आला, मलाही बरं वाटलं.

वर्षभराने तोच माणूस छातीत दुखतंय म्हणून आला. ईसीजीत बदल होते, ट्रॉपोनिन (हार्ट ॲटॅकची रक्ततपासणी) वाढलेलं. मी म्हटलं अँजिओग्राफी करायला लागेल, आजच. त्याने मुलाकडे बघितलं आणि मग मला अगदी साध्या आवाजात विचारलं, "खरंच लागतीया का, का ते कागदावरचं?"

त्याला मला टोमणा मारायचा नव्हता हो. त्याने माझा पेन वाकताना बघितला होता एवढंच, आणि एकदा त्याच्यासाठी वाकलेला पेन उद्या हॉस्पिटलसाठी वाकणार नाही हे त्याला कसं कळणार? ते कोल्हापूरला दुसऱ्याचं मत घ्यायला गेले, त्यात 3 दिवस गेले, नशीब चांगलं म्हणून स्टेंट पडून घरी आले. माझ्याकडे परत आले नाहीत.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. पेशंटसाठी भांडायचं, अगदी शेवटपर्यंत भांडायचं, पण त्याच्यासाठी खोटं लिहायचं नाही. नियमांच्या बाजूने बघायचं तर मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे खोटं सर्टिफिकेट दिलं तर रजिस्टरमधून नाव जाऊ शकतं (2023 ला नवीन नियमावली आली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली, सो अजून 2002 चीच चालू आहे). पण खरं सांगू का, मला ती भीती फार वाटत नाही, मला त्या फिटरचा प्रश्न आठवतो.

आणि यात गंमत अशी आहे की निम्म्या वेळा खोटं लिहायची गरजच नसते. पेशंटला माहीत नसतं, टीपीए डेस्कवरच्या मुलाला माहीत नसतं आणि आपल्यालाही माहीत नसतं. पॉलिसी सलग 5 वर्षं म्हणजे 60 महिने चालू असेल तर आधीचा आजार सांगितला नव्हता या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सरळ सरळ फसवणूक सिद्ध केली तरच येतो. ही मुदत आधी 8 वर्षं होती, 2024 ला आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची नियामक संस्था) 5 वर आणली. आणि आधीपासूनचा आजार फॉर्ममध्ये सांगितलेला असेल तर त्याचा वेटिंग पिरियड (तोपर्यंत त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त 3 वर्षं, आधी 4 होता. मागच्या वर्षी एका निवृत्त मुख्याध्यापकांचा पुतण्या असाच आला, "सर, 12 वर्षांची शुगर 2 वर्षांची करा ना." मी म्हटलं पॉलिसी कधीची आहे ते दाखव. 9 वर्षांची निघाली, एकही वर्ष खंड नाही. म्हटलं अरे बाबा, आहे तेच लिहितो, तुझ्या काकांना त्याचा काही त्रास नाही. त्याचा विश्वास बसेना. 12 वर्षं लिहून क्लेम पास झाला तेव्हा बसला.

आता दुसरी बाजू, आणि ही तुमच्या हातातली आहे म्हणून जरा जास्त लिहितो. खोटं लिहिण्यापेक्षा निष्काळजी लिहिण्याने जास्त क्लेम उडतात. रात्री 2 वाजता आरएमओ (ड्युटीवरचा ज्युनिअर डॉक्टर) हिस्टरी घेतो. आजीला विचारतो बीपी कधीपासून, आजी म्हणते "झाली असतील की धा एक वर्सं", तो लिहून मोकळा होतो, बीपी 10 वर्षं. प्रत्यक्षात आजीला गोळी सुरू होऊन 3 वर्षं झालेली असतात, आजीच्या हिशोबात नातवाच्या बारशाच्या आधीचं सगळंच 10 वर्षांपूर्वीचं असतं. 4 दिवसांनी कंपनीचं पत्र येतं, बीपी पॉलिसीच्या आधीपासूनचा, क्लेम नामंजूर. मग तुम्ही दुरुस्तीचं सर्टिफिकेट देता आणि कंपनी म्हणते हे नंतर सुचलेलं शहाणपण आहे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. म्हणून माझ्या युनिटला आरएमओंना सांगून ठेवलंय की कालावधी माहीत नसेल तर "नक्की आठवत नाही" असं लिहा, जुना केसपेपर किंवा पहिलं प्रिस्क्रिप्शन मागवा, त्यावरची तारीख लिहा आणि कुणी सांगितलं तेही लिहा, पेशंटने, सुनेने की शेजाऱ्याने. सकाळच्या राउंडला मी पहिल्यांदा तेच पान उघडतो, एक्सरे नंतर बघतो.

तसंच ॲडमिट का केलं याचं. "ताप, अशक्तपणा, ॲडमिट" एवढंच लिहिलेलं असतं, मग कंपनीची क्वेरी येणारच की हे ओपीडीत करता आलं असतं. डेंग्यूच्या सीझनला तर अशा क्वेऱ्यांचा पाऊस पडतो. मी एक ओळ जास्त लिहितो: 2 दिवसांत 8 उलट्या, तोंडावाटे काही राहत नाही, बीपी 90/60, प्लेटलेट काल 1 लाख 10 हजार आज 62 हजार, पोट दुखतंय, घर हॉस्पिटलपासून 40 किलोमीटर. ही ओळ कंपनीसाठी नाही, खरं तर रात्रीच्या ड्युटीवाल्यासाठी आहे, त्याला कळतं की कशावर लक्ष ठेवायचंय. जो कागद पेशंटच्या उपचारासाठी नीट लिहिलाय तो कंपनीपुढेही टिकतो असा माझा अनुभव आहे. उलट झालं की, म्हणजे कंपनीसाठी लिहायला लागलात की, दोन्हीकडे फसता.

आता शिक्का. तुमच्या हॉस्पिटलला तुमच्या नावाचा रबरी शिक्का कुठे असतो? बहुतेक ठिकाणी टीपीए डेस्कच्या ड्रॉवरमध्ये असतो, आणि सोबत सही केलेली 5-10 कोरी लेटरहेड. मी पण ठेवायचो. राउंडमध्ये सारखं कोण बोलावणार म्हणून. मग एकदा एका पेशंटच्या मुलीने माझ्यासमोर क्वेरीचं उत्तर धरलं, माझ्या नावाचं, माझ्या सहीचं, त्यात लिहिलेलं की पेशंटला दारूचा काही संबंध नाही, आणि 2 पानांआधी माझ्याच हस्ताक्षरात रोज क्वार्टर असं होतं. ती शिकलेली मुलगी, शांतपणे म्हणाली, "सर, यातलं तुमचं कुठलं?" काय बोलणार. त्या दिवशी ड्रॉवर उघडून शिक्का उचलला तो आजतागायत माझ्या शर्टाच्या खिशात असतो, दोन शर्ट शाईने खराब झालेत, बायको ओरडते. पण माझ्या नावाने जाणारं प्रत्येक पत्र मी वाचून, तारीख घालून सही करतो, आणि कॉपी फाईलला लावतो. डेस्कवाल्या मुलाला सुरुवातीला राग आला होता, आता तोच सांगतो की सरांच्या क्वेऱ्या कमी येतात.

क्वेरीचा फोन आला तर स्वतः बोला. समोरचा पण डॉक्टरच असतो बरेचदा, बीएएमएस, बीएचएमएस, कधी एमबीबीएस, दिवसभर स्क्रीनसमोर बसून फाईली संपवत असतो, त्याच्यावर ओरडून काही होत नाही. नाव विचारा, केस 2 मिनिटांत नीट सांगा, आणि नाही म्हणाला तर एकच मागा: कुठल्या कलमाखाली नाकारताय ते लेखी द्या. मे 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतली नेमकी अट सांगावी लागते. लेखी म्हटल्यावर काही नकार तिथेच विरघळतात. नाही विरघळला तर पेशंटला सांगा: आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, मुंबईला आणि पुण्याला ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, वर्षाच्या आत मात्र जायला हवं. तुम्ही त्याला अर्ध्या पानाचं प्रामाणिक सर्टिफिकेट द्या आणि केसपेपरच्या कॉपी द्या. कॉपी मागितल्यापासून 72 तासांत देणं तसंही आपलं कर्तव्य आहे. तुमची 20 मिनिटं जातील. पण पेशंट हरला तरी त्याला कळतं की डॉक्टर माझ्या बाजूला उभा होता.

आता जो प्रकार कुणी बोलत नाही तो. "डॉक्टर, मेडिक्लेम आहे, 2 दिवस ॲडमिट करून सगळ्या तपासण्या करून टाका ना." हे पेशंटच म्हणतो, आणि मॅनेजमेंटला ते हवंच असतं, सगळे खूश, कंपनी सोडून. पण फक्त तपासणीसाठी केलेली ॲडमिशन जवळपास प्रत्येक पॉलिसीत वगळलेली असते, म्हणजे 2 दिवसांनी नकार आला की बिल त्याच्या डोक्यावर आणि शिव्या तुम्हाला. मी सरळ म्हणतो, काका, तुम्हाला बेडची गरज नाही, सलाईनची पण नाही, या 3 टेस्ट बाहेरून करा, एवढे एवढे पैसे होतील, शुक्रवारी या. काही नाराज होतात, समोरच्या हॉस्पिटलला जाऊन ॲडमिट होतात. होऊ देत. पण याच लोकांना पुढे कधी मी म्हणालो की आज ॲडमिट व्हायलाच लागेल, तर पिशवी भरायला घरी जातात, प्रश्न विचारायला थांबत नाहीत.

आणि "मेडिक्लेम आहे का" हा प्रश्न कधी विचारायचा हे पण महत्त्वाचं आहे बरं का. रिसेप्शनला विचारतात, सिस्टर विचारतात, ठीक आहे, त्यांचं काम आहे. तुम्ही मात्र तपासून, काय झालंय, काय करायला लागेल हे सांगून झाल्यावरच विचारा. क्रम उलटा झाला की पेशंटला वाटतं उपचार खिसा बघून ठरले, आणि अनेकदा ते खरंही असतं. पण विचारायचंच नाही, पैशाचं बिलिंगवाले बघतील, हा पण पळपुटेपणा आहे, मी पण बरीच वर्षं तसाच वागलो. रूम रेंटचंच घ्या. 5 लाखांची पॉलिसी, रूमची मर्यादा 1 टक्का म्हणजे दिवसाला 5 हजार, आणि नातेवाईक प्रेमाने 8 हजारांची रूम घेतात, वरचे 3 हजार आम्ही भरू म्हणतात. त्यांना माहीत नसतं की अशा पॉलिसीत फक्त रूमचे पैसे कापत नाहीत, डॉक्टरची फी, ओटी, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात म्हणजे 5/8 होतं. या खर्चाचे 1 लाख 20 हजार झाले तर कंपनी देणार 75 हजार, 45 हजार घरचे, रूमचा फरक वेगळा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. हे ॲडमिट करताना एका वाक्यात सांगायचं, "पॉलिसीत रूमची मर्यादा बघा, त्याच्यावरची घेऊ नका." डिस्चार्जला कळलं तर ते 45 हजार तुम्ही खाल्ले असंच धरून चालतात.

डिस्चार्जचा दिवस तर विचारूच नका. सकाळी 9 ला राउंडमध्ये आपण हसत म्हणतो "आज घरी जायचं", 10 वाजता आजींचं लुगडं नेसून होतं, पिशव्या भरून होतात, आणि फायनल ॲप्रूव्हल येतं संध्याकाळी 7 ला. 7 वाजेपर्यंत 5 दिवस कमावलेलं सगळं संपलेलं असतं. त्याच 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसचा पहिला निर्णय 1 तासात आणि डिस्चार्जचा 3 तासांत द्यायचा असं आहे, उशीर झाला तर वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा. पण ते 3 तास मोजायचे कधीपासून? हॉस्पिटलने रिक्वेस्ट पाठवली तिथपासून. आणि आपली समरी दुपारी 2 ला टाईप होते, फार्मसीचं क्लिअरन्स 3 ला, म्हणजे कंपनीला नावं ठेवायच्या आधी आपलं बघायला नको का? मी समरी आदल्या रात्री पुरी करतो, आणि घरी जायचं सांगताना वेळ सांगत नाही. "औषधाच्या बाजूने तुम्ही मोकळे, कागदाला दुपार होईल, जेवण इथेच करा" असं म्हणतो. जाताना 5 मिनिटं परत खाटेजवळ जातो. एवढ्याने भांडणं निम्मी झाली माझी.

योजनेच्या पेशंटबद्दल थोडंच लिहितो. महात्मा फुले योजनेत (2012 ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून 8 जिल्ह्यांत सुरू झालेली) आता 5 लाखांचं कव्हर आहे, पॅकेजचे दर कमी वाटतात, पैसे उशिरा येतात, हे मालक म्हणून मला माहितीये. पण म्हणून योजनेतल्या पेशंटला "हे इंजेक्शन बाहेरून आणा" ही चिठ्ठी तुमच्या हस्ताक्षरात जाऊ देऊ नका. पॅकेजमध्ये आहे ते हॉस्पिटलने द्यायचं, तिथे आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसलेला असतो, त्याला समोर बोलवा. परवडत नसेल तर हॉस्पिटलने योजनेतून बाहेर पडावं, ॲडमिट करून घेऊन मग खिशात हात घालायचा हे बरोबर नाही.

राहिली तुमची मीटिंग. त्या कागदाशी भांडू नका, त्यावर तुमचा कागद ठेवा. मी काय केलं होतं ते सांगतो. ॲडमिशनची टक्केवारी कमी म्हणून मला 3 महिने ऐकवलं, चौथ्या महिन्याला मी 2 गोष्टी मोजून घेऊन गेलो: माझे ओपीडीचे किती पेशंट परत आले आणि माझ्या किती क्लेमना नकार आला. साध्या वहीत रेघा मारून मोजलेलं, काही सॉफ्टवेअर वगैरे नाही. परत येणारे भरपूर, नकार 2. सीईओ डॉक्टर नव्हता, एमबीए होता, पण नाकारलेल्या क्लेमचे पैसे अडकतात हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. शिवाय कुणाला ॲडमिट करायचं, कुणाला सीटी करायचा याचे डिपार्टमेंटचे निकष लिहून, तिघा फिजिशियननी सह्या करून ठेवलेत. "सर तुम्ही कन्व्हर्ट का करत नाही" (म्हणजे ओपीडीतले पेशंट ॲडमिट का करत नाही) म्हटलं की तो कागद पुढे सरकवायचा. एकट्या डॉक्टरला दाबणं सोपं असतं, तिघांच्या सहीला दाबताना जरा विचार करतात. सगळीकडे हे चालेल असं नाही, एका हॉस्पिटलला नाही चाललं, तिथून मी 8 महिन्यांत बाहेर पडलो.

आणि मिनिमम गॅरंटी किती महिन्यांची आहे? ती संपत आली की तुमच्यावरचा दबाव वाढणार, तो वैयक्तिक घेऊ नका, हिशोबच तसा असतो. फक्त ती संपायच्या आत 2 गोष्टी करा. नवीन ॲग्रीमेंटमध्ये तुमचे पैसे तुमच्या कन्सल्टेशन आणि राउंडच्या फीवर लावून घ्या, तपासण्या आणि फार्मसीचा हिस्सा देतो म्हणाले तरी घेऊ नका, मग तुम्ही लिहिलेल्या सीटीत तुमचाच वाटा असतो आणि "खरंच लागतो का" ला तुम्ही पेशंटच्या डोळ्यात बघून उत्तर देऊ शकत नाही. आणि नोटीस पिरियड वाचा. माझ्या ओळखीच्या एका पोराला सोडायचं ठरवल्यावर कळलं की 6 महिन्यांचा आहे. तुमची कॉपी तुमच्याकडे आहे ना? नसेल तर सोमवारीच एचआरकडून मागून घ्या, मीटिंगच्या आधी.